हुक तोच, माथा नवा
सुरतेच्या उधना-पांडेसरा पट्ट्यात यंत्रमागाच्या माथ्यावर जकार्ड हे नक्षी विणणारं यंत्र चढवलेलं दिसतं. पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ कोणता हुक उचलायचा ते ठरवायची. १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीचं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आणि पुढे कार्डांची जागा फाइलने घेतली. तरी हुकाला बांधलेली दोरी, दोरीने उचलला जाणारा ताण्याचा धागा आणि खालचा माग यांना काही नवं शिकावं लागलं नाही. हुक पूर्वीसारखाच वरखाली होत राहिला. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आयएफकॉन्फिग ही कमांड आली. संगणकाच्या नेटवर्क कार्डाला पत्ता द्यायचा, ते चालू-बंद करायचं, त्याची स्थिती सांगायची, एवढं तिचं काम. तिच्या पुढच्या चाळीस वर्षांकडे पाहताना मला सुरतेतला तो हुक महत्त्वाचा वाटतो.

लिनक्सवर ही कमांड नेट-टूल्स या संचातून मिळे. तिच्या उत्तरात 'इनेट ॲडर:१९२.१६८.१.१०' अशी ओळ यायची आणि असंख्य स्क्रिप्ट 'ॲडर:' शोधून त्यापुढचा पत्ता कापून घ्यायच्या. पुढच्या आवृत्तीत 'ॲडर:' गेलं, 'इनेट १९२.१६८.१.१०' उरलं. वाचणाऱ्या माणसाचं काही अडलं नाही. स्क्रिप्टच्या हाती मात्र रिकामी जागा आली, आणि अशी स्क्रिप्ट बहुधा तक्रार न करता तशीच पुढे धावते. पडद्यावर छापलेला अपूर्णविरामसुद्धा कुणीतरी हुकासारखा धरून ठेवलेला असतो. २०१७ च्या डेबियन ९ या लिनक्स वितरणापासून तर नेट-टूल्स मूळ मांडणीतूनच वगळलं गेलं. त्याच्या जागी आयपी ही नवी कमांड.

जुनी कमांड जपावी यावर आक्षेप असा, की लिनक्सवरची आयएफकॉन्फिग अपुरं सांगते. आयपी कमांडने एकाच कार्डाला लेबल न लावता दुसरा पत्ता दिला, तर तो तिला दिसतच नाही. मग असं साधन जपायचं कशाला? आक्षेप खरा आहे, पण दोष जुन्या नावाचा नाही. फ्रीबीएसडीने याच नावाच्या कमांडमध्ये वायरलेस, ब्रिज, व्हीलॅन, आयपीव्ही६ सामावून घेतलं. खुद्द लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बदल करताना चालू प्रोग्राम मोडायचा नाही यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ठाम असतात, म्हणून आयएफकॉन्फिग ज्या वाटेने कर्नलला प्रश्न विचारते ती वाट अजून उघडी आहे. हीच शिस्त कर्नलबाहेरच्या साधनांनीही पाळायला हवी होती. आयपी कमांडने पुढे जेसन स्वरूपात उत्तर द्यायची सोय केली, हे फार चांगलं झालं: यंत्रासाठी वेगळं, ठरलेलं उत्तर मिळालं की माणसासाठीची मांडणी खुशाल बदलावी. मात्र ती सोय आधी आणि बदल नंतर, हा क्रम हवा. छोट्या राउटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या बिझीबॉक्सची आयएफकॉन्फिग आजही 'इनेट ॲडर:' असंच छापते. त्यामुळे जपून लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये 'ॲडर:' असलं काय, नसलं काय, दोन्ही चालवून घेणारी एक ओळ अजून ठेवावी लागते.