आधी वाचा, मग ओके दाबा



परवा आईचा पुण्याहून फोन आला. "अरे, मोबाईलवर कसलीशी चौकट आलीय, काय दाबू?" मी ऑफिसच्या गडबडीत होतो. "ओके दाब गं, काही होत नाही," म्हणून फोन ठेवला. आणि लगेच चपापलो. या "काही होत नाही"नेच गेल्या वर्षी माझी झोप उडवली होती.

मी वेबसाइट्सच्या ऑटोमेटेड टेस्टिंगचं काम करतो. सेलेनियमला सांगितलं की ते ब्राउझर उघडतं, बटणं दाबतं. पण मध्येच जावास्क्रिप्टचा अलर्ट, कन्फर्म किंवा प्रॉम्प्ट आला की गाडी अडते. ही चौकट पानाच्या एचटीएमएलमध्ये नसतेच, ब्राउझरची असते. तिच्याकडे मुद्दाम वळावं लागतं, मजकूर वाचावा लागतो, मग ओके किंवा कॅन्सल. तसं न करता पुढची कमांड दिली, तर वेबड्रायव्हर चौकट कॅन्सल करून वर एरर देतं. २०१८ साली मंजूर झालेल्या डब्ल्यूथ्रीसीच्या स्टँडर्डमध्ये हेच डीफॉल्ट आहे.

रोज सकाळी चार टेस्ट लाल दिसायच्या. वैतागून मी सेटिंग 'अ‍ॅक्सेप्ट' केलं. आता कुठलीही चौकट आली तरी गुपचूप ओके. सगळं हिरवंगार! मॅनेजर खूश, मीही खूश.

पुढे कोडमध्ये एक चूक शिरली. एक अपॉइंटमेंट रद्द करताना "या पेशंटच्या सगळ्या अपॉइंटमेंट्स रद्द करायच्या?" असा प्रश्न येऊ लागला, आणि ओके केल्यावर खरंच सगळ्या जायच्या. माझी टेस्ट रोज रात्री इमानेइतबारे "हो" म्हणत होती. ती एक अपॉइंटमेंट गेली की नाही, एवढंच ती बघायची. चूक पकडली ती क्लिनिकच्या रिसेप्शनिस्टने. तिने ओके दाबण्याआधी ते वाक्य वाचलं आणि आम्हाला फोन केला.

तेव्हापासून सेटिंग पुन्हा डीफॉल्टवर आहे. जिथे चौकट अपेक्षित आहे तिथे ती येईपर्यंत थांबायचं, मजकूर तपासायचा, मगच ओके. कॅन्सलची टेस्ट वेगळी, आणि त्यात काहीही रद्द झालेलं नाही हेही बघायचं. अनपेक्षित चौकट आली तर टेस्ट लाल व्हायलाच हवी. ती कटकट नसते, बातमी असते.

हे सगळं आठवलं तसा आईला उलटा फोन लावला. "दाबलंस का गं? आधी काय लिहिलंय ते वाच."

"वाचलं होतं रे," आई म्हणाली, "म्हणून तर तुला विचारलं!"

तुमचेही असे किस्से असतील तर जरूर कळवा.