पन्हाळ्याचे अंबरखाने आणि आमच्या गावचे पेव

कोल्हापूरला नात्यातले लग्न होते. बुलढाणा जिल्ह्यातून इतक्या लांब एस.टी.ने जायचे म्हणजे रजा खर्ची पडते. म्हणून लग्न आटोपल्यावर मुलाबाळांसह आम्ही जवळचा पन्हाळगडही पाहून घेतला. लोक तिथे तटबंदी पाहतात, तीन दरवाजा पाहतात, थंड हवा खातात. आम्ही रेंगाळलो ते अंबरखान्यात, म्हणजे गडाच्या धान्यकोठारात.

गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन दगडी कोठारे आहेत. सर्वांत मोठी गंगा कोठी. क्षेत्रफळ सुमारे 10,200 चौरस फूट, उंची 35 फूट. दोन्ही बाजूंनी छतावर जाणारे दगडी जिने. आत सोळा खण, प्रत्येकावर चपटा घुमट आणि छतात भोके. धान्य जिन्याने वर चढवायचे आणि भोकांतून आत ओतायचे. भिंती इतक्या जाड, की बाहेर ऊन तापले तरी आत गारवा. नाचणी, वरी, भात इथे साठवीत. गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावे असे सांगतात. वीस मणांची एक खंडी, म्हणजे पाच लाख मण! कारकुनाची सवय, आम्ही हिशेब तिथेच केला.

1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. शिवाजी महाराज काही महिने आत अडकले होते आणि 13 जुलैच्या रात्री विशाळगडाकडे निसटले. तोवर गड तगला त्यात तोफांइतकाच या कोठारांचाही वाटा, असे आमचे मत. जवळच धर्मकोठी आहे. तिथून गरजूंना धान्य वाटले जाई.

"बाबा, एवढी पोती वर कोण नेत होतं?" मुलीने विचारले. हे तिथल्या कुठल्याच फलकावर आम्हाला दिसले नाही. पन्हाळा 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. फलक आता नवे होतील, तेव्हा पोती वाहणाऱ्यांसाठीही एक ओळ असावी.

आम्हाला आठवले ते आमच्या गावचे पेव. आमच्याकडे दगडी कोठार नव्हते. पांढरीत खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपायचे. बंद पेवात विषारी हवा साचते. म्हणून उघडल्यावर ते काही वेळ तसेच ठेवतात, मग पेटता कंदील आत सोडतात. तो विझला तर माणसाने उतरायचे नाही. शहाणपणाची रीत. पण मालकाला घाई असली की रीत मोडे. आजी सांगायची, "पेवात आंधी तुहा आजा उतरे, कंदील मांगून."

आजोबा वाचले. त्यांच्याबरोबरचा एकजण एका वर्षी वर आलाच नाही. मालकाने त्याच्या घरी दोन पायल्या ज्वारी पाठवली, त्याच पेवातली. त्याच्या बायकोने ती परत केली, असे आजी सांगे. घरात तेव्हा चार लेकरे होती.

ते पेव आता बुजले आहे. त्यावरून सिमेंटचा रस्ता गेला आहे.