दौंड रस्त्यावरची लूना

१९७२ हे साल महाराष्ट्राच्या स्मरणात आहे ते दुष्काळामुळे. नगर जिल्ह्यात त्या वर्षी विहिरी आटल्या, गावोगावी खडी फोडण्याची कामं निघाली आणि माणसं रस्त्यावर आली. त्याच वर्षी आपल्या राज्यातून दोन दुचाकी रस्त्यावर आल्या. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक बाहेर पडली आणि नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगमधून लूना. चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबले. लूना मात्र शाळामास्तर, पोस्टमन, परिचारिका, दूधवाला, विमा एजंट अशा सगळ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या मंडळींमध्ये आज चेतकला मान आहे, बुलेटचा तर थाटच वेगळा. लूनाकडे पाहून लोक हसतात, आठवणी सांगतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. नगरच्या या यंत्राची ओळख नीट करून द्यायला हवी, असं मला वाटतं ते यासाठीच.

लूना नगरमध्ये का जन्मली, याचं उत्तर एका घरात सापडतं. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. नवलमल आणि हस्तीमल ही त्यांची मुलं उद्योगात उतरली. बजाज घराण्याबरोबर त्यांची भागीदारी होती. १९६८ च्या सुमारास वाटा वेगळ्या झाल्या. नवलमल यांच्याकडे बजाज टेम्पोची धुरा राहिली. हस्तीमल यांनी मुलगा अरुण यांना सोबत घेऊन आपल्या गावातच नवा कारखाना उभा केला. अरुण फिरोदिया मुंबईच्या आयआयटीत आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले. पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात सुटे भाग, कुशल कामगार, बाजारपेठ सारं हाताशी होतं. नगरला यातलं बरंचसं आधी घडवावं लागणार होतं. म्हणून या कारखान्यानं गाड्यांइतकेच फिटर, टर्नर आणि वेल्डरही घडवले, हे त्याचं पहिलं मोठेपण.

लूनाचा मूळ आराखडा इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडचा. युरोपात ती १९६७ साली आली होती आणि पुढे तिथे लाखोंनी खपली. गाडी दिसायला अगदी साधी: दाबून घडवलेल्या पत्र्याची चौकट, खाली आडवं बसवलेलं ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सायकलसारखी पेडलं आणि एकाच माणसापुरती सीट.

पण या साधेपणामागे बरीच अक्कल आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा असतात, त्यांना उघडणारा कॅमशाफ्ट असतो, तेलाचा वेगळा साठा असतो. लूनाच्या इंजिनात यातलं काहीच नाही. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं स्वतःच उघडतो आणि झाकतो. पेट्रोलमिश्रित हवा आत घेणं आणि जळका धूर बाहेर ढकलणं, दोन्ही कामं त्यातच उरकतात. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्यामुळे पंपावर ऑइलचं माप सांगितलं की झालं. क्लचही आपोआप चालणारा. इंजिनाचे फेरे वाढले की क्लचचे शू केंद्रापासून बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट चिकटतात आणि चाक फिरू लागतं. फेरे कमी झाले की स्प्रिंग त्यांना परत आत ओढते. गिअर टाकायचा नाही, क्लच दाबायचा नाही. ज्याला सायकल येते त्याला लूना येते. गाडी स्टँडवर लावायची, पेडल मारायचं, इंजिन धरलं की स्टँड काढायचा. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घर गाठायचं.

हा शेवटचा गुण आज गमतीचा वाटतो. तेव्हा तो मोठा भरवसा होता. १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले. थोडक्या पेट्रोलवर दूर जाणारं आणि पेट्रोल नसलं तरी रस्त्यात न अडकवणारं वाहन बेताच्या पगारातल्या घराला परवडत होतं. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मोपेडसारख्या छोट्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी द्यायला मुभा दिली, आणि कॉलेजात जाणारी मुलंमुली मोपेडवर बसू लागली. बायकांसाठी तर लूनानं फार मोठं काम केलं. समोर टाकी आडवी येत नाही, साडी नेसून सहज बसता येतं, वजन इतकं कमी की कुणाच्या मदतीशिवाय स्टँडवर चढवता येते. तालुक्याच्या गावातून पाच-सात किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेला एसटीच्या वेळापत्रकापासून मोकळं केलं ते या गाडीनं. महाराष्ट्रात स्त्रिया रस्त्यावर स्वतःचं वाहन घेऊन कशा आल्या, याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यातलं एक प्रकरण नगरच्या या कारखान्याला द्यावं लागेल.

मागणी वाढत गेली. १९८० मध्ये दक्षिणेतून टीव्हीएस ५० आली. ती दोघांना बसवणारी, त्यामुळे लूनालाही बदलावं लागलं. लूना सुपर, डबल प्लस, टीएफआर, मॅग्नम, विंग्ज अशी भावंडं निघत गेली; सीट लांबली, कॅरिअर मजबूत झाला. पीयूष पांडे यांनी लिहिलेली 'चल मेरी लूना' ही जाहिरात घराघरांत पोहोचली आणि लूना हे सगळ्याच मोपेडचं नाव होऊन बसलं. भरभराटीच्या काळात दिवसाला दोन हजारांहून जास्त लूना विकल्या जात, असं कायनेटिककडून सांगितलं जातं. नगरच्या कामगार वस्त्यांतल्या कितीतरी घरांची चूल त्या आकड्यावर पेटत होती.

उतरती कळा एका दिवसात लागली नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. लिटरमध्ये ऐंशी किलोमीटर देणारी खरीखुरी मोटारसायकल मिळाल्यावर मोपेडचा सगळ्यात मोठा युक्तिवाद कमजोर झाला. त्याच सुमारास कायनेटिकनंही होंडाबरोबर मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला गिअर नसलेली स्कूटर बनवायला घेतली होती. ती झकास चालली आणि मोपेडचं बरंचसं शहरी गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं. मग धुराचे नियम कडक होत गेले. पेट्रोलबरोबर तेल जाळणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला ते पाळणं जड जातं, कारण ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. इंजिनाचा साधेपणा हीच त्याची अडचण ठरली. नव्या शतकाच्या सुरुवातीला लूना थांबली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. नगरचा कारखाना इतर वाहन कंपन्यांसाठी गिअर, शाफ्ट आणि सुटे भाग बनवत राहिला.

आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे येऊ. रविवारी सकाळी पुण्यात किंवा नाशिकला ही मंडळी जमतात तेव्हा गाड्यांची एक ठरलेली उतरंड दिसते. कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाला गिअर असलेली बुलेट सगळ्यांत वर. मग म्हैसूरच्या जावा आणि येझदी. जुलैचा दुसरा रविवार तर जावाचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. त्यानंतर राजदूत आणि यामाहाची आरएक्स १००. एखाद्या जावाच्या टाकीवरचा बिल्ला मूळचा की नकली यावर तासभर वाद रंगतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो. कारण या गप्पांतूनच कुठल्या वर्षी कुठला कार्बोरेटर होता, कुठला हेडलाइट कधी बदलला, हे ज्ञान टिकून आहे. कंपन्या बंद पडल्या, माहितीपुस्तिका रद्दीत गेल्या. माणसांनी एकमेकांना सांगितलं म्हणून या गाड्यांचा इतिहास वाचला.

लूनाच्या वाट्याला हे भाग्य फारसं आलं नाही. बुलेट महाग होती, म्हणून मालकानं ती झाकून ठेवली. लूना राबवली गेली. मालकाकडून धाकट्या भावाकडे, त्याच्याकडून गड्याकडे, मग भंगारवाल्याकडे, असा तिचा प्रवास. ज्या वस्तू लाखोंनी होत्या त्या कुणी मुद्दाम ठेवल्या नाहीत, आणि म्हणून आज चांगल्या अवस्थेतली सुरुवातीची लूना मिळणं अवघड झालं आहे.

तरीही ती शोधणारे आहेत. लूना उभी करणाऱ्याला जावावाल्यासारखे आयते पार्ट मिळत नाहीत. जुन्या मेकॅनिकच्या फळीवर, बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावर, आठवडे बाजारातल्या भंगारात हात घालावा लागतो. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, नव्या रिंगा टाकायच्या. काजळीनं चोंदलेला सायलेन्सर भट्टीत जाळून साफ करायचा, कारण टू-स्ट्रोकचा श्वास तिथेच अडकतो. मॅग्नेटोतले पॉइंट घासून त्यांचं अंतर जुळवायचं, कंडेन्सर बदलायचा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालायची नाही, फक्त हवा मारायची. तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. हे सगळं कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ते साठी-सत्तरी गाठलेल्या मिस्त्रींच्या बोटांत आहे, आणि त्यांच्यापाशी बसून ऐकणारा कुणी आला तर ते आनंदानं सांगतात.

'कस्टम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लांब फोर्कची, क्रोमनं चमकणारी मोटारसायकल येते. लूनाचे खरे कस्टम नमुने घडवले ते शेतकऱ्यांनी आणि दूधवाल्यांनी. मागे जाड सळईचा कॅरिअर वेल्ड करून दोन बाजूंना दुधाचे कॅन टांगायचे, पायाशी कडब्याची पेंढी, पुढे पिशव्या. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या दुधाच्या पट्ट्यात अशी गाडी पहाटेची ओळखीची होती. चौकट वाकू नये म्हणून जोडलेली पट्टी, कॅनच्या वजनासाठी बदललेली स्प्रिंग, चिखल अडकू नये म्हणून वर उचललेलं मडगार्ड: यातल्या प्रत्येक बदलामागे एक गरज आणि एक गावठी इंजिनिअर आहे. लूना जपायची तर फक्त कारखान्यातून निघाली तशीच जपून भागणार नाही. कॅनच्या कड्या असलेली, तीन रंगांचे थर चढलेली एखादी लूनाही तशीच ठेवली पाहिजे. तिच्यावर जिल्ह्याची अर्थव्यवस्था लिहिलेली आहे.

परदेशात मोपेडला हा मान मिळाला आहे. इटलीत चाओ दुरुस्त करून चालवणारे हौशी जागोजागी भेटतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझू इथे १९९७ मध्ये 'मोपेड आर्मी' सुरू झाली आणि तिच्या शाखा अनेक शहरांत पसरल्या. नगरची टीएफआर अमेरिकेतही निर्यात झाली होती, त्यामुळे कायनेटिकचं नाव तिथल्या मोपेडवेड्यांना ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यात बनलेल्या यंत्राचे जाणकार सातासमुद्रापार असावेत आणि इथल्या तरुणांना ती गाडी कधी पाहायलाही मिळू नये, हे मनाला लागतं.

कायद्यानं जुन्या गाड्या जपण्यासाठी एक दार उघडलेलं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकीही त्यात बसते. नव्यानं नोंदणी झाली तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. १९७२ ची लूना २०२२ मध्ये पन्नाशीची झाली, म्हणजे पहिल्या खेपेतल्या गाड्या आता या मानाला पात्र आहेत. अडचण पैशांची आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, आणि ते रोल्स रॉईसला आणि लूनाला सारखंच. जी गाडी गरिबाघरी टिकली, तिच्या मालकाला हा खर्च झेपत नाही. मोपेडसाठी हे शुल्क नाममात्र असायला हवं. या मागणीसाठी गाडीप्रेमींनी एकत्र यावं.

नगरला यंत्रं जपण्याची परंपरा आहे. इथल्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून जगभरातले रणगाडे उभे आहेत. दोन्ही महायुद्धांतली आणि १९६५ च्या लढाईतली यंत्रं पाहायला लांबून माणसं येतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. साध्या सायकलीभोवती किती मोठं जग उभं करता येतं, हे तिथं कळतं. युद्धाची वाहनं जपणाऱ्या शहरानं आपल्या कष्टकऱ्यांचं वाहनही तितक्याच आदरानं जपायला हवं.

लूना हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीननं विजेवर चालणारी ई-लूना आणली. एका चार्जिंगमध्ये ११० किलोमीटर आणि दीडशे किलो वजन वाहण्याची ताकद, असा तिचा दावा आहे. पुढचं पान लिहिलं जातंय हे चांगलंच आहे. पण मागची पानं सुटी होऊन उडून चालली आहेत. ज्या कामगारांनी पहिल्या लूनाचे नटबोल्ट आवळले, ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला फक्त एक फोन आणि थोडा वेळ लागतो. जुन्या डीलरांची बिलबुकं, सर्व्हिस मॅन्युअल, पार्टांच्या याद्या स्कॅन करायला एखाद्या पॉलिटेक्निकचा वर्ग पुरेसा आहे. आणि ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये बंद लूना पडली आहे, त्यांनी ती किलोच्या भावानं घालण्याआधी जवळच्या गाडीप्रेमीला एक हाक मारावी. तो ती न्यायला नक्की येईल.