लोणारच्या काठावर एक रात्र: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की जालन्यातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं. "झाडी, तळं आणि तिथंच मुक्काम हवा असेल तर भंडारदरा, नाहीतर पवना. आपल्याकडे काय ठेवलंय?" हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. जालन्याहून मंठा, तळणी करत नव्वदेक किलोमीटर गेलं की उभ्या जगात दुर्मिळ असलेलं एक तळं, भोवती जंगलाचं कडं घेऊन बसलेलं आहे. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, विदर्भात मोडतं. पण मंठेकरांना ते फार लांबचं वाटत नाही. तिथं मुक्कामाला जावंच. फक्त जाण्याआधी काही ऐकीव गोष्टी डोक्यातून काढून टाकायला हव्यात, कारण त्यांच्यावर भिस्त ठेवून गेलेली माणसं दोन तासांत हिरमुसून परत येतात.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज तंबूचा. मोबाइलवर तळ्याकाठच्या तंबूंचे आणि शेकोट्यांचे व्हिडिओ बघून लोक गाडीच्या डिकीत तंबू टाकतात आणि थेट पाण्याजवळ राहायचं ठरवतात. लोणारचं विवर 2000 साली वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झालं आहे. अभयारण्य आकाराने लहान, जेमतेम पावणेचार चौरस किलोमीटरचं, पण कायदा मोठ्या अभयारण्याला लागतो तोच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शिरताही येत नाही आणि राहताही येत नाही. कलम 30 प्रमाणे जंगलाला धोका होईल अशी आग तिथं पेटवता येत नाही. याला मी जाच समजत नाही. दिवाळीनंतर विवराच्या उतारावरचं गवत वाळून कडक होतं. एका शेकोटीतून उडालेली ठिणगी वाऱ्याबरोबर कुठवर जाईल, हे ज्याने गंजीला लागलेली आग पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही.

म्हणजे मुक्काम विवरात नाही, विवराच्या कडेला. वर गाव आहे, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, शासकीय विश्रामगृह आहे, साधे लॉज आहेत. एखाद्याने शेतात तंबूची सोय केली असेल तर ती जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे ना, एवढं आधी विचारून घ्यावं. खोलीचं आरक्षण घरूनच करावं. नवरात्रात विवरातल्या कमळजादेवीच्या यात्रेला गर्दी असते. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजाला महाराष्ट्रभरातून माणसं येतात, तेव्हाही आसपास जागा मिळणं अवघड होतं.

"लोणार तासाभरात बघून होतं," असं म्हणणाऱ्यांनी लोणार फक्त वरून पाहिलेलं असतं. काठाकाठाचं अंतर सुमारे 1.8 किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आतबाहेर. वरून सगळं एका नजरेत मावतं, म्हणून संपल्यासारखं वाटतं. खरं लोणार उतरताना कळतं. गोमुखाजवळ बारमाही गोड्या पाण्याची धार आहे. लोक भक्तिभावाने तिच्याखाली अंघोळ करतात. तिथून पायऱ्या सोडून खाली निघालं की हवा बदलते. वरच्या उघड्या, करपलेल्या माळाचं झाडीत रूपांतर होतं, सावली दाट होते, मोर ओरडतो आणि तो नक्की कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही, कारण गोल कड्यामुळे आवाज फिरत राहतो. आणखी खाली पाण्याचा वास येऊ लागतो, सडक्या अंड्यासारखा. काठाला पांढरट खार वाळलेला असतो. बोट बुडवून चोळलं तर साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं.

या पाण्याबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणते ते विषारी आहे, त्यात काहीच जगत नाही. दुसरी म्हणते त्यात अंघोळ केली की कातडीचे रोग जातात. वस्तुस्थिती अशी की पाणी खारट तर आहेच, शिवाय कमालीचं अल्कधर्मी आहे. त्याचा सामू 10 च्या आसपास असतो. तळहातावर चिमूटभर हळद घेऊन त्यावर या पाण्याचे दोन थेंब टाकले तर हळद बघता बघता लाल होते. हळदीला खार लागला की ती लाल होते आणि जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर तयार व्हायचं. मुलांना शाळेच्या प्रयोगशाळेत जे कळायला तास लागतो ते इथं एका क्षणात कळतं, म्हणून कागदाच्या पुडीत हळद न्यावीच. पण इतकं अल्कधर्मी पाणी अंगावर घेणं औषध नव्हे. त्याने कातडी कोरडी पडते, डोळ्यांत गेलं तर झोंबतं आणि काठच्या चिखलात पाय रुततो. आत उतरू नये. "काहीच जगत नाही" हेही खरं नाही. हे पाणी सूक्ष्म शेवाळाने हिरवंगार असतं, खाऱ्या पाण्यातच वाढणारे कितीतरी जिवाणू त्यात आहेत. ऐन-ए-अकबरीतही या जागेचा उल्लेख काच आणि साबणाला लागणाऱ्या क्षारांसाठी आलेला आहे.

गुलाबी रंगाचं सांगायलाच हवं, कारण अजूनही लोक "गुलाबी तळं" बघायला निघतात आणि हिरवं पाणी बघून त्यांना फसल्यासारखं वाटतं. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं हे खरं. उन्हाळ्याने पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा मीठप्रिय आर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांचं ते रंगद्रव्य निघालं. नमुन्यातले जीव तळाला बसले आणि पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागलं. तो रंग पाहुणा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर हा पाणथळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातला दुसरा. माझ्या मते त्या वर्षातली मोठी बातमी हीच होती.

आता विवराच्या जन्माविषयी. गावोगाव अजून "ज्वालामुखीचं तोंड" असं सांगितलं जातं. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर दीर्घकाळ जाणकारांचाही तोच समज होता. आपल्या पायाखालचा काळा दगड लाव्हाचाच असल्याने समज पटकन पटतो. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवर त्या मानाने कालपरवाचं. विवरातल्या दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड आघाताच्या दाबाखालीच ती बनते, साध्या उष्णतेने नाही. 1973 मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि अशनीच्या आघाताचा प्रश्न मिटला. वयाचा मात्र पुरता मिटलेला नाही. एका पद्धतीने 52 हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. पाटीवर एकच आकडा लिहिलेला दिसला तरी हा फरक मुलांना सांगावा. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात लवणासुराची कथा ऐकावी, कोरीव काम डोळे भरून बघावं. कथा आणि अशनी दोन्ही त्या एका खड्ड्याचं कोडं उलगडायला निघालेले आहेत.

"जंगल म्हणजे वाघ" ही भीती घेऊन येणारेही असतात. इथं वाघांची वस्ती नाही. रामसरच्या नोंदीत 160 जातींचे पक्षी, 46 सरपटणारे प्राणी आणि लांडग्यासह 12 सस्तन प्राणी आहेत. तेव्हा काळजी वाघाची नको, पायाखालच्या सापाची हवी. बूट बंद असावेत आणि लहान मुलांना पालापाचोळ्यात हात घालू देऊ नये. वानरांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये. धपाटे, शेंगदाण्याची चटणी खोलीवर आल्यावरच सोडावी. वानराला दिलेली एक पोळी पुढच्या पाहुण्याच्या हातावरचा ओरखडा होऊन परत येते.

पावसाळ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हिरवाई डोळ्यांना सुखावते, पण ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि काळ्या मातीत बुटाला किलोभर चिखल चिकटतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पाणपक्षी तेव्हाच येतात आणि पहाटे स्वेटर लागतो. अलीकडे तळ्याची पातळी वाढून पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत आल्याने जुनी पायवाट सगळीकडे मोकळी असेलच असं नाही. खालची वाट किती उघडी आहे ते वनरक्षकांना आदल्या दिवशी विचारावं.

प्रवासाचा एक घोटाळाही इथंच सांगते. समृद्धी महामार्गाने जायचं म्हणून दुचाकीवाले निघतात आणि नाक्यावरून परततात, कारण त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीला मंठ्याचा रस्ता. चारचाकी असेल तर जाताना सिंदखेडराजाला थांबावं, जिजाऊंचं जन्मस्थान आणि तिथला मोतीतलाव बघावा आणि येताना मंठ्यावरून यावं. शनिवारी दुपारी घर सोडलं तरी सूर्यास्ताला विवराच्या कडेला पोहोचता येतं. त्या दिवशी खाली उतरायची घाई करू नये. अंधार पडायच्या आत वर यावं लागतं आणि चढण उतरण्याच्या दुप्पट वेळ घेते.

मुक्कामाचं खरं फळ रविवारी पहाटे. तिकीटखिडकी उघडली की लगेच उतरायचं, माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि हळदीची पुडी घेऊन. पूर्वेच्या कड्यावरून ऊन हळूहळू खाली सरकतं. आधी पलीकडच्या काठाच्या माथ्यावर पिवळी रेघ, मग झाडांचे शेंडे, आणि तळं अजून सावलीत काळंशार. पाण्यावर टिबुकल्या बुडी मारतात आणि भलत्याच ठिकाणी वर येतात. ऊन पाण्याला टेकेपर्यंत साधारण तासभर जातो. तेवढा वेळ दगडावर बसून राहायचं, मोबाइल पिशवीत ठेवून.