गुलमर्गचे पहिले हिम

हिमावरून घसरण्याचा जो खेळ आज स्कीइंग या नावाने सर्वांच्या परिचयाचा झाला आहे, त्याच्या हिंदुस्थानातील इतिहासात काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्गाइतके मानाचे स्थान क्वचितच दुसऱ्या गावाला लाभले असेल. आणि या गुलमर्गाची खरी पारख करावयाची तर ती फेब्रुवारीच्या भरघोस हिमात न करता, डिसेंबरच्या मध्यास, हंगाम नुकता कुठे उघडत असताना करावी, असे माझे ठाम मत आहे. आमच्या काटेवाडीकडून, बारामती-इंदापुराकडून काश्मीरला जाणारी कुटुंबे पायथ्याच्या तंगमर्गास भाड्याचे गमबूट आणि जाडजूड कोट चढवतात, स्लेजवर एक फेरी मारतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी श्रीनगर गाठतात. त्यांतील जी डिसेंबरात पोहोचतात, ती हिम थोडे पाहून हिरमुसतात. त्या थोड्या हिमात पुढच्या सबंध हिवाळ्याचे भवितव्य ठरत असते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर वसले आहे. इंग्रज अंमलदारांनी १९२७ साली येथे स्की क्लब स्थापन केला, तेव्हा लाकडी पट्ट्या खांद्यावर टाकून तासन्‌तास चढावे आणि काही मिनिटांत खाली यावे, असाच रिवाज होता. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, जनरल थिमय्या यांनी येथे सैन्याची स्की-शाळा काढली. तिचेच पुढे अत्युच्च प्रदेशातील युद्धाचे शिक्षण देणारे विद्यालय झाले. सामान्य माणसाला मात्र हा पर्वत खुला केला तो गोंडोला नामक यंत्राने. पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीने उभारलेल्या या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो प्रवाशाला सुमारे तीन हजार मीटरांवरील कोंगदूरीस नेतो. २००५ पासून चालू असलेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरांच्या किंचित खाली, आणून सोडतो. जोराचा वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवण्याचा हुकूम निघतो. आणि २५ जून २०१७ रोजी झाड तारेवर कोसळून सात जीव गेले, तेव्हापासून या दक्षतेविषयी कुरकुर करण्याचे धैर्य निदान मला तरी होत नाही.

आता पहिल्या हिमाविषयी. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ नोव्हेंबर-डिसेंबरात एकदोन वेळा वीतभर हिम टाकून जातात आणि मग आकाश कित्येक दिवस निरभ्र राहते. जमीन अद्याप उबदार असते, हिमाचा वरचा पृष्ठभाग मात्र रात्री कडाक्याने गोठतो. या तफावतीमुळे खालची बाष्पे पातळ थरातून वर सरकू लागतात आणि मूळचे परस्परांत गुंतणारे हिमकण मोडून त्यांचे सुटे, पैलूदार, चकाकणारे दाणे बनतात. मूठभर उचलून पाहावे: भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या पोत्यातील साखरेसारखे ते बोटांतून निसटतात, त्यांचा गोळा म्हणून होत नाही. पुढे, २१ डिसेंबरपासूनच्या चिल्लई कलां या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, याच दाण्यांवर जड हिमाचा थर बसतो, आणि एखाद्या तीव्र उतारावर स्कीपटूचे वजन पडताच तो सगळा थर एकदम निखळून हिमस्खलन होते. म्हणून गुलमर्गचे गस्ती पथक वरचा उतार खुला करण्यापूर्वी हिमात खड्डा खणून थर तपासते, गरज पडल्यास सुरुंग लावून सैल हिम आधीच पाडते, आणि मगच मार्ग मोकळा करते. जानेवारीत हौशी मंडळी ज्या उतारावर बेधडक झेपावतात, त्याची चौकशी अशी डिसेंबरापासून चाललेली असते.

या दिवसांत खरी वर्दळ असते दुरुस्तीच्या दुकानांत. पातळ हिमाखालचे दगड स्कीच्या तळाला ओरखडे पाडतात. कारागीर प्लास्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब त्या चऱ्यांत सोडतो, थंड होताच पात्याने तासून पृष्ठभाग सपाट करतो, पोलादी कडांना कानस लावतो आणि अखेरीस गरम इस्त्रीने मेण पसरतो. दुकानाबाहेर, गोल्फच्या मैदानाच्या सौम्य उतारावर, नवशिक्यांचे वर्ग भरतात. बुटाच्या तळाला चिकटलेले हिम खरवडून काढल्यावाचून बूट खटक्यात बसत नाही, हा पहिला धडा; स्कीची टोके जवळ आणि मागची अंगे दूर ठेवून वेग आवरावा, हा दुसरा. थोड्या हिमावर हे दोन्ही उत्तम साधतात.

हिमच पडले नाही तर मात्र सारा व्यवहार ठप्प होतो. जानेवारी २०२४ मध्ये येथील उतार उघडेबोडके होते, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत योजलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिमाअभावी मार्चपर्यंत लांबणीवर टाकाव्या लागल्या. स्लेज ओढणारे, घोडेवाले, शिक्षक, भाड्याने साहित्य देणारे, या सर्वांची वर्षाची कमाई दोनतीन महिन्यांत गोळा होते. त्यांच्यासाठी लांबलेला डिसेंबर म्हणजे उधारीचा महिना.

तेव्हा जाणाऱ्याने डिसेंबरात जरूर जावे, परंतु एका दिवसाच्या सहलीचा बेत सोडून आठवडा मुक्रर करावा, परवानाधारक शिक्षक लावावा, त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि गस्ती पथकाने वरचा टप्पा खुला केला नसेल तर तितके दिवस गोल्फच्या मैदानावरच घालवावेत.