चाळीस हजारांचा कॉम्प्युटर आणि अक्काची वही

‘मामा, तू आल्याशिवाय पप्पा ऐकणार नाहीत. तू येच!’

मे २०२४ मध्ये उज्जैनहून भाचीचा असा फोन आला आणि मी बेळगावहून बॅग भरून निघालो. माझी अक्का लग्न होऊन गेली ती थेट माळव्यात. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्याआधी उज्जैनला होती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी घरं पुष्कळ. भाऊजींचं घर त्यांपैकीच एक. नानाखेडा बस स्टँडपासून पायी दहा मिनिटांवर. आपल्या सीमाभागात घरात दोन भाषा असतात, अक्काकडे तीन आहेत. भाऊजींचं माळवी वळणाचं मराठी, शेजारपाजारची हिंदी आणि अक्काचं माहेरचं कानडी. भाचीला तर सगळे अजून ‘पुट्टी’च म्हणतात. ही पुट्टी आता बीसीएला जाणार होती आणि तिला कॉम्प्युटर हवा होता. तोही तयार नव्हे. सुटे भाग आणून स्वतः जोडायचा होता.

भाऊजींचा त्याला ठाम नकार होता.

नकारामागचं कारण

भाऊजींचा नकार हट्टापोटी नव्हता. २००९ मध्ये त्यांनी एका दुकानातून असाच असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला होता. दुकानदाराने प्रोसेसर चांगला दिला, पण एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेलाच लावला. एका उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं, ‘फट्’ असा आवाज आला, जळका वास सुटला. मदरबोर्ड गेला आणि हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कवर आमच्या बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाबा २०१२ मध्ये गेले. त्या दिवसाचे छापलेले तीन फोटो तेवढे बेळगावच्या घरात उरले.

‘मेहुणे, पैशाचं काही नाही हो,’ भाऊजी मला म्हणाले, ‘पण अक्का त्या फोटोंसाठी आठ दिवस नीट जेवली नव्हती.’

यावर मी काय बोलणार? मी अक्काकडे पाहिलं. ती आत जाऊन भिशीच्या हिशेबाची वही घेऊन आली. म्हणाली, ‘चाळीस हजार आहेत. यात काय बसतं ते लिहा. पण आधी तो डबा लिहा, जो त्या वेळी फुकट आला होता.’

खरं सांगतो, कमी पैशात कॉम्प्युटर जोडण्याबद्दल मी जे काही वाचलं होतं, त्याचं सार अक्काने एका वाक्यात सांगून टाकलं.

कशासाठी हवा?

पुट्टीच्या यादीत सर्वात वर होतं ग्राफिक्स कार्ड. मैत्रिणीच्या भावाकडे आहे म्हणून. मी विचारलं, ‘तू करणार काय कॉम्प्युटरवर?’ प्रोग्रामिंग, ऑनलाइन तास, थोडे सिनेमे, कधीतरी एखादा खेळ. भाऊजींना मराठीत पत्रं टाइप करायची होती. यांतल्या कशालाही वेगळं कार्ड लागत नाही. मात्र मग चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच असायला हवी.

इथे नावातली अक्षरं नीट वाचावी लागतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ कोअर आय-थ्री १२१००एफ, त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घ्यावा, तर कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. आम्ही एएमडीचा रायझन फाइव्ह ५६००जी ठरवला. २०२१ चा, म्हणजे नवा नव्हे, पण सहा कोअर आणि ग्राफिक्स आतच. पंखाही डब्यातच मिळतो. पुढे पुट्टी कमवायला लागली की कार्ड बसवायला मदरबोर्डवर जागा आहेच.

सोयरीक जुळली पाहिजे

सुटे भाग निवडणं हे स्थळं पाहण्यासारखं आहे. एकेक स्थळ चांगलं असून भागत नाही, पत्रिका जुळावी लागते. या प्रोसेसरला एएम-फोर सॉकेटचाच मदरबोर्ड लागतो. त्या बोर्डाला डीडीआर-फोर रॅम लागते. डीडीआर-फाइव्हची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचं बायोस या प्रोसेसरला ओळखेलच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधीच दुकानदाराला ते विचारून घ्यायचं.

रॅम सोळा जीबी ठरली, पण एकच पट्टी नव्हे, आठ-आठच्या दोन. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्या असल्या की ये-जा दोन वाटांनी होते. एसएसडीच्या बाबतीत दुकानदार जास्त वेगाची ‘जेन-फोर’ दाखवतात. पण ५६००जी हा ‘जेन-थ्री’च्याच वेगाने बोलतो. तो जादा वेग वापरलाच जाणार नसेल, तर त्यासाठी पैसे का मोजायचे? तिथे वाचलेले रुपये एसएमपीएसकडे वळवले.

‘जास्ती आयतु’

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाखेड्याहून बस धरून आम्ही तिघं इंदूरला गेलो. अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. मुंबईला लॅमिंग्टन रोड, बंगळूरला एस. पी. रोड, तसा इंदूरला आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. आम्ही चार दुकानांत एकच यादी दाखवली आणि भाव अक्काच्या वहीत उतरवले. एका दुकानदाराने मदरबोर्डचा भाव सांगताच अक्का हळूच कानडीत म्हणाली, ‘जास्ती आयतु, बिडु.’ आपलं कानडी इंदूरला कोणाला कळणार, असा तिचा हिशेब! दुकानदार हसून म्हणाला, ‘बहनजी, जास्ती तो हम भी समझते हैं.’ आणि त्याने दोनशे रुपये कमी केले.

शेवटी वहीत जमलेला हिशेब असा: प्रोसेसर ११,५००; मदरबोर्ड ५,६००; रॅम ३,२००; पाचशे जीबीची एसएसडी ३,०००; साडेचारशे वॉटचा एसएमपीएस ३,३००; कॅबिनेट २,३००; बावीस इंची मॉनिटर ७,२००; कीबोर्ड-माउस ९००; यूपीएस २,८००. एकूण ३९,८००. उरलेल्या दोनशेत पोहे-जिलेबी झाली.

एसएमपीएस घेताना तीन गोष्टी पाहिल्या: नावाजलेली कंपनी, काही वर्षांची वॉरंटी आणि ‘एटी प्लस’ची खूण. ही खूण म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी येते याची चाचणी झालेली असते. केवळ खुणेवर विसंबू नये, पण बिननावाच्या डब्यावर ती बहुधा नसतेच. कॅबिनेट साधंच घेतलं, रंगीत दिवे नसलेलं, पण पुढून हवा आत घेणारं आणि धूळ अडवणारी जाळी असलेलं. माळव्यातल्या उन्हाळ्यात दिव्यांपेक्षा हवाच कामाची. प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल घेतलं. सुट्या भागांची वॉरंटीही सुटीसुटीच असते, ती त्या बिलावरच मिळते.

वाचकहो, हे भाव २०२४ चे आहेत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर भडकले. तेव्हा आकडे उतरवून घेऊ नका. पैसे कुठे घातले आणि कुठे वाचवले, तेवढं पाहा.

पडदा काळाच!

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. हात पुट्टीचे, मी फक्त वाचून दाखवत होतो. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज आधी घालवायची. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवायचा, मग तो अलगद बसतो. दाबायचा नाही. दाबायची ती रॅम, ‘टक्’ आवाज येईपर्यंत.

दोन तासांनी बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

कोणी काही बोलेना. भाऊजी उठून खिडकीपाशी गेले. पुट्टीच्या डोळ्यांत पाणी. मी रॅम काढून घातली, मॉनिटरची वायर तपासली. मग अक्काच म्हणाली, ‘अगं, ही एक वायर अशीच लोंबतेय, ही कुठली?’ मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला वेगळी वीज देणारी वायर लावायचीच राहिली होती! यूपीएस बंद करून ती लावली, पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला. भाऊजी खिडकीतून परत येऊन खुर्ची ओढून बसले. तोच त्यांचा होकार!

त्यावर लिनक्स मिंट घातलं. ते फुकट मिळतं, त्यामुळे चोरीच्या विंडोजच्या वाटेला जावं लागलं नाही. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडले. या मांडणीची गंमत आपल्या घरांना विशेष आवडेल. ज्या कळीवर मराठीचा ‘क’, त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’. एक भाषा बोटांत बसली की दुसरी जवळजवळ आपोआप येते.

माझ्याकडून पुट्टीला भेट म्हणून एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दिली. अट एकच: जे जपायचं ते दोन ठिकाणी ठेवायचं. एसएमपीएस कितीही चांगला असला तरी फोटोची दुसरी प्रत तो देत नाही.

बेळगावला परतल्यावर मी ते उरलेले तीन फोटो स्कॅन करून पाठवले. पुट्टीने प्रत्येक फोटोखाली नावं टाइप केली, घरच्यांसाठी मराठीत आणि धारवाडच्या नातेवाइकांसाठी कन्नडमध्ये. रात्री अक्काचा फोन आला.

‘दोन ठिकाणी ठेवलेत,’ ती म्हणाली. ‘मी स्वतः बघितलं.’