उंच गाडीची हौस, दोन इंचांचा हिशेब

पिकअप उचलून घ्यायची, मोठे टायर चढवायचे, गिअरिंग बदलायचे. गाडी रुबाबदार दिसते खरी. पण त्या रुबाबाची किंमत कोण मोजतो?

रायपूरच्या पचपेडी नाक्यावरून धमतरीकडे निघालेल्या वाहनांच्या रांगेत एखादी पिकअप चटकन नजरेत भरते. शेजारच्या गाड्यांपेक्षा ती वीतभर उंच असते. टायर रुंद, खोल नक्षीचे. सिग्नलला थांबलेली शाळकरी मुले माना वळवून बघत राहतात.

हौसेला कारणही आहे. छत्तीसगडात शहराची वेस ओलांडली की रस्त्याचा स्वभाव बदलतो. पावसाळ्यात धानाच्या शेतांकडे जाणाऱ्या वाटांवर ‘कन्हार’ नावाची काळी माती चाकांना घट्ट धरून ठेवते. जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा वळणावळणांचा घाट लागतो. शेती, बांधकाम किंवा खाणीच्या कामासाठी फिरणाऱ्याला दणकट गाडी लागतेच. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली, तेव्हापासून मागे हौदा असलेली गाडी घरच्या वापरातही शोभू लागली.

मग तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या एखाद्या मराठी घरात रात्रीच्या जेवणाला विषय निघतो. ‘बाबा, फक्त दोन इंच!’ मुलगा म्हणतो. बाबा खर्च विचारतात. आजी विचारते, ‘मी चढू कशी?’ तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त असते. म्हणूनच हे दोन इंच नीट समजून घ्यायला हवेत.

उंची वाढते, पण कुठली?

गाडी उचलण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून फक्त बॉडी वर घेतात. दुसरीत सस्पेन्शनच बदलतात: पुढे उंच स्प्रिंगा, मागे पाट्यांखाली ठोकळे किंवा जादा पाटा.

येथे बहुतेकांची एक गल्लत होते. पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो. चिखलात किंवा दगडावर बहुधा हाच आधी टेकतो. सस्पेन्शन दोन इंच उचलले तरी हा गोळा तसूभरही वर येत नाही, कारण तो चाकांच्या आसावरच बसलेला असतो. त्याला वर न्यायचे तर टायरच मोठा हवा. म्हणजे उचललेल्या गाडीचे पोट वर जाते, पण जिथे अडचण येते ती जागा तिथेच राहते.

आता टायरचे बघू. समजा, गाडीला २४५/७० आर १६ मापाचे टायर आहेत. त्यांचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो. त्याजागी २६५/७५ आर १६ घातले तर व्यास ८०४ मिलिमीटर होतो. फरक ५५ मिलिमीटरचा. पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच, म्हणजे जेमतेम २७ मिलिमीटर वाढते. एवढा खटाटोप करून हाती लागते ते अंगठ्याच्या रुंदीहून थोडे जास्त!

गिअरचे गणित

टायर सुमारे सात टक्क्यांनी मोठा झाला की बाकीची गणितेही बदलतात. चाकाच्या एका फेरीत गाडी अधिक अंतर कापते. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावत असते. दहा हजार किलोमीटरला तेल बदलायचे ठरवले, तर तोवर गाडी पावणेअकरा हजारांच्या घरात गेलेली असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओढ कमी होते. डिफरन्शियलचे प्रमाण ४.१ असेल, तर चाकाच्या एका फेरीसाठी प्रोपेलर शाफ्ट ४.१ वेळा फिरतो. मोठ्या टायरमुळे हेच प्रमाण जणू ३.८ वर उतरते. घाटात जिथे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत होती, तिथे दुसरा टाकावा लागतो. चालक क्लच दाबून वेळ मारून नेऊ लागला की क्लचची पाटी झिजते.

यावर उपाय म्हणून क्राउन-पिनियन बदलून प्रमाण ४.४ च्या आसपास नेतात. पण चारचाकी ओढीच्या गाडीत हे काम पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलमध्ये सारखेच करावे लागते. एकच बदलले, तर चारी चाके जोडताच पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि मधल्या जोडांवर ताण येऊन ते तुटू शकतात.

वळणावर काय होते?

हौसेचा खरा कस लागतो तो वळणावर. गाडीचा भार जितका उंच, तितकी ती कलंडायला सोपी. दोन चाकांतले अंतर १५५ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे असे धरा. हा मध्य सात सेंटिमीटर वर गेला, तर गाडी कलंडवायला लागणारे आडवे बळ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. रिकाम्या सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. जाणवते ते समोर अचानक जनावर आले आणि स्टिअरिंग झटक्यात वळवावे लागले, तेव्हा. त्या क्षणी मागच्या सीटवर मुले असतात, आजी असते.

मोठे, जड चाक थांबवायला ब्रेकलाही अधिक जोर लागतो. ब्रेकच्या रबरी नळ्या तोकड्या पडून ताणल्या जाऊ शकतात. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

विम्याचाही विचार हवा. न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडचण ठरू शकतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत या कामाचा मोठा व्यवसाय आहे, म्हणून सुटे भाग इथेही मिळतात. पण भाग दुकानात मिळतो म्हणजे तो बसवणे कायदेशीर आहे, असे नव्हे.

मग हौस मारायची का?

मुळीच नाही. नवी गाडी घेतानाच चारचाकी ओढ आणि ‘लो’ गिअर असलेले मॉडेल निवडावे. लो गिअरमध्ये चाकांवरची ओढ साधारण अडीचपट होते. मोठ्या टायरने गमावलेली ओढ त्यापुढे किरकोळ, आणि इथे तर काही गमवायचेच नाही. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्यावेत; भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरून पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी. त्यासाठी हवेचा छोटा पंप गाडीत ठेवावा. बसलेले पाटे आणि थकलेले शॉक ॲब्सॉर्बर मूळ मापाचे नवे घातले, तरी गाडी हरवलेली उंची परत मिळवते. कोणताही बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

एवढे केले की गाडी कन्हार मातीतूनही निघते आणि केशकालचा घाटही चढते. मुलाची हौस भागते, बाबांचे पैसे वाचतात आणि आजीला कुणाचा हात न धरता गाडीत चढता येते.